मुंबईहून पुण्याला दोन दिवसांची पहिली गोल्फ सहल: आखणी कशी करावी

गोल्फची सहल ठरली की बहुतेक जण आधी हॉटेल बघतात, मग गाडीचं ठरवतात आणि सगळ्यात शेवटी कोर्सवर फोन लावतात. क्रम नेमका उलटा हवा. मुंबई-पुण्याकडचे बरेच कोर्स क्लबांचे आहेत. तिथे पैसे भरायची तयारी असली तरी ओळखीचा सभासद नसेल तर खेळता येत नाही. बाहेरच्यांना खुले असलेले जे कोर्स आहेत, तिथे शनिवार-रविवार सकाळचे टी टाइम (खेळ सुरू करायच्या ठरलेल्या वेळा) आधीच भरलेले असतात, आणि एखाद्या कंपनीची स्पर्धा लागली तर अर्धा दिवस कोर्स आपल्यासाठी बंदच. म्हणून आधी परवानगी आणि टी टाइम, मग मुक्काम, आणि प्रवास शेवटी.

खाली दिलेली आखणी तीन-चार महिने रेंजवर (चेंडू मारायच्या मैदानावर) सराव केलेल्यांसाठी आहे. सात नंबरच्या आयर्नने (मधल्या अंतरासाठीची गोल्फची काठी) मारलेल्या दहा चेंडूंपैकी सहा-सात जमीन सोडून साधारण समोर जात असतील, तर सहलीला निघायला हरकत नाही. तेवढं जमत नसेल तर आणखी महिनाभर थांबा. कोर्सवर सगळा वेळ चेंडू शोधण्यात जातो, मागचा गट खोळंबतो आणि शिकणं काहीच होत नाही.

कोर्स कोणते घ्यायचे

पहिल्या सहलीत दोन दिवसांत ३६ होल खेळायचा मोह टाळा. पहिल्या दिवशी ९ आणि दुसऱ्या दिवशी १८ हे पुरेसं आहे. १८ होल पायी खेळले की आठ-दहा किलोमीटर चालणं होतं, आणि दोन चांगल्या शॉट्सच्या मध्ये उन्हात उभं राहणं असतं ते वेगळंच. लागोपाठ दोन दिवस पूर्ण राउंड केला तर दुसऱ्या दिवशी बाराव्या होलपासून कंबर आणि मनगट दोन्ही दाद देत नाहीत, स्विंग बिघडतो आणि बिघडलेलीच सवय घेऊन माणूस घरी परततो.

मुंबईकरांना सोयीची जोडी म्हणजे वाटेवरचं खारघर आणि पुण्यातलं बावधन. खारघर व्हॅली गोल्फ कोर्स सिडकोने डोंगराच्या कुशीत उभारलेला आहे. हा क्लबांसारखा फक्त सभासदांचा कोर्स नाही, पैसे भरून खेळता येतं, त्यामुळे नवख्यांना तिथे अवघडल्यासारखं होत नाही. तो ११ होलांनी सुरू झाला आणि पुढे १८ होलांच्या विस्ताराचं काम हाती घेतलं गेलं. म्हणून जायच्या आठवड्यात किती होल खुले आहेत, हे फोनवर विचारूनच निघा.

पुण्यात बावधनजवळचं ऑक्सफर्ड गोल्फ रिसॉर्ट १८ होलांचं आहे आणि ते टेकड्यांवर पसरलेलं आहे. एका होलला टी बॉक्स (पहिला फटका मारायची जागा) उंचावर आणि फेअरवे (कापलेल्या गवताचा पट्टा) खाली, तर पुढच्याला सगळा चढ. नजारा सुंदर आहे, पण पायी खेळणं दमवणारं असल्याने कार्ट (कोर्सवरची छोटी गाडी) घ्यावीच. येरवड्याचा पूना क्लब गोल्फ कोर्स तुलनेने सपाट आहे, मात्र तिथे सभासदाची ओळख लागते. तुम्ही स्वतः एखाद्या क्लबचे सभासद असाल तर त्या क्लबचा पूना क्लबशी परस्पर करार आहे का, हे आपल्या कार्यालयात विचारा. करार असेल तर ओळखपत्र घेऊन खेळता येतं. ते मिळायला काही दिवस लागतात, आदल्या दिवशी धावपळ करून उपयोग नसतो.

फोनवर काय विचारायचं

निदान दहा दिवस आधी फोन करा आणि एका कागदावर उत्तरं लिहून घ्या. ईमेलवर किंवा मेसेजवर दुजोरा मागा, कारण फोन घेणारा आणि त्या दिवशी काउंटरवर बसणारा एकच असेल असं नाही.

- बाहेरच्या खेळाडूला त्या दिवशी प्रवेश आहे का, आणि हँडिकॅप (खेळाचा दर्जा दाखवणारा आकडा) प्रमाणपत्र लागतं का? नसेल तर तसं आधीच सांगा. गेटवर कळलं की परत फिरावं लागतं.
- त्या दिवशी स्पर्धा, देखभाल किंवा साप्ताहिक सुट्टी आहे का? बऱ्याच कोर्सवर सोमवार देखभालीसाठी बंद असतो.
- ग्रीन फीमध्ये (खेळायच्या शुल्कात) काय काय धरलंय? कॅडी (बॅग घेऊन सोबत चालणारा मदतनीस), कार्ट, रेंजचे चेंडू, जीएसटी, लॉकर हे वेगळं विचारा. नुसती ग्रीन फी ऐकून बजेट केलं की प्रत्यक्ष बिल बरंच फुगतं.
- भाड्याने सेट मिळतो का, डावखुऱ्यांसाठी आहे का, बायकांच्या शाफ्टचा (दांड्याचा) आहे का?
- दोघेच असाल तर गटात आणखी दोघे अनोळखी जोडले जातील का? बहुतेक ठिकाणी जोडतात, आणि ते चांगलंच असतं.
- रद्द केल्यास किती पैसे परत, आणि पावसामुळे थांबलं तर पुन्हा खेळायची सोय आहे का?

पोशाखाचंही याच फोनवर विचारून घ्या. कॉलरचा टी-शर्ट, जीन्स नाही, मऊ तळाचे किंवा सॉफ्ट स्पाइकचे बूट, हे बहुतेक सगळीकडे चालतं. गोल गळ्याचा टी-शर्ट आणि ट्रॅक पँट घातलेल्याला टीवर जाऊ देत नाहीत.

दिवस कोणते निवडायचे

गुरुवार-शुक्रवार सगळ्यात सोयीचे. दोन्ही दिवस कामाच्या दिवसांचा (वीकडे) दर लागतो, टी टाइम मिळतो आणि शुक्रवारी दुपारी परतताना एक्सप्रेसवेवरची गर्दी उलट दिशेने, म्हणजे मुंबईकडून लोणावळ्याकडे चाललेली असते. सुट्टी मिळत नसेल तर शुक्रवार-शनिवार घ्या. शनिवारी सकाळी खंडाळ्याच्या घाटात जी रांग लागते ती वर चढणाऱ्या गाड्यांची असते. तुम्ही तेव्हा पुण्यात टीवर उभे असाल आणि दुपारी उतराल. शनिवार-रविवारची आखणी मात्र टाळावी. जाताना शनिवार सकाळ आणि येताना रविवार संध्याकाळ, दोन्ही वेळा घाट भरलेला मिळतो.

ऋतूंमध्ये नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ उत्तम. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. नवख्या चौघांच्या गटाला १८ होलांना पाच तास धरा. म्हणजे दुपारी एकनंतरचा टी टाइम घेतला तर शेवटचे होल अंधारात जायची भीती. एप्रिल-मेमध्ये सकाळी सहा-साडेसहालाच सुरुवात हवी. अकरानंतरचं ऊन खेळण्यासारखं नसतं.

बॅग आणि गाडीची डिकी

इथे हमखास अडतं. टॅक्सी किंवा कॅब बुक करताना सेडान घेतली की काम झालं असं वाटतं, पण मुंबईत बहुतेक कॅब सीएनजीवर चालतात आणि डिकीत सिलिंडर असतो. उरलेल्या जागेत गोल्फची बॅग आडवीसुद्धा बसत नाही, कारण ड्रायव्हरची, म्हणजे सगळ्यात लांब क्लबची (गोल्फच्या काठीची), लांबीच साधारण ४५ इंच असते. बॅग मागच्या सीटवर तिरकी टाकावी लागते, आणि मग चौघांऐवजी दोघेच बसू शकतात. चार माणसं आणि चार बॅगा असतील तर मोठी एसयूव्ही घ्या आणि तिसरी सीट दुमडून ठेवा. दोघे असाल तर स्वतःची हॅचबॅकही चालते, मागची एक बाजूची सीट पाडायची. ड्रायव्हर आणि वुड म्हणजे मोठ्या डोक्याच्या क्लबांवर कव्हर घालून, वर टॉवेल गुंडाळून बॅगेचं तोंड आतल्या बाजूला करा. घाटात ब्रेक लागले की क्लब एकमेकांवर आपटून शाफ्टला चरे पडतात.

नियमाप्रमाणे बॅगेत जास्तीत जास्त १४ क्लब चालतात. नवख्याला आठ पुरे: एक फेअरवे वुड किंवा हायब्रिड, सहा, सात, आठ आणि नऊ नंबरचे आयर्न, पिचिंग वेज, सँड वेज आणि पटर. ड्रायव्हर रेंजवर नीट चालत असेल तरच घ्या. टीवरून तो हुकला की पुढचा अर्धा तास झुडपात जातो.

बाकी सामान:

- चेंडू १२, जुने असले तरी चालतील. पहिल्या १८ होलांत सहा ते आठ हरवणं अगदी साधारण आहे. प्रत्येकावर मार्करने आपली खूण करा, नाहीतर दोन सारखे चेंडू सापडले की कोणता कोणाचा हे ठरत नाही.
- टी (चेंडू ठेवायच्या छोट्या खुंट्या) १५ ते २०, बॉल मार्कर, पिच मार्क (चेंडू पडून ग्रीनवर झालेला खड्डा) दुरुस्तीचा काटा.
- हातमोजे दोन. घामाने एक भिजला की दुसरा, आणि भिजलेला बॅगेला बाहेर अडकवून वाळवायचा. उजव्या हाताच्या खेळाडूने डाव्या हाताचा घ्यायचा असतो.
- पाणी दोन लिटर, ओआरएसच्या दोन पुड्या, केळी, शेंगदाण्याचा लाडू किंवा लोणावळ्याची चिक्की. भरपेट नाश्ता करून टीवर गेलं की पहिले चार होल सुस्तीत जातात.
- टोपी, सनस्क्रीन, छत्री, सुका टॉवेल, मोज्यांचा जादा जोड.
- कॅडीच्या मेहनतान्यासाठी सुटे पैसे. दर स्टार्टरकडे (गटांना खेळायला सोडणाऱ्याकडे) विचारून घ्या.

पहिला दिवस: खारघर, मग घाट

दादर-माटुंग्याहून पहाटे सव्वापाचला निघालात तर पाऊण ते एक तासात खारघर. साडेसातचा टी टाइम घ्या. साडेसहाला पोहोचून आधी स्टार्टरकडे नाव नोंदवा, पैसे भरा, मग रेंजवर ३० ते ४० चेंडू. त्याहून जास्त मारू नका, हात दमतो. शेवटची दहा मिनिटं पटिंग ग्रीनवर घालवा (ग्रीन म्हणजे होलभोवतीची बारीक गवताची जागा). होलपासून तीन पावलांवरून, मग सहा, मग दहा, एवढंच. आज ग्रीनवर चेंडू किती वेगाने धावतोय हे हाताला कळायला पुरे.

नऊ होल अडीच तासांत होतात. दहाला संपवून आवरून अकराला निघालात की दुपारपर्यंत पुणे गाठता येतं. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे ९४.५ किलोमीटरचा, पण खारघरहून बावधनपर्यंतचं अंतर साधारण १२० किलोमीटर धरा. वाटेत थांबून अडीच ते तीन तास. वेगमर्यादा पाळा, कॅमेरे आहेत आणि दंड मोबाइलवर येतो. फास्टॅगमध्ये शिल्लक आहे ना, हे आदल्या रात्रीच बघा.

एक्सप्रेसवे संपला की पुणे शहरात शिरू नका. किवळ्याहून बाह्यवळण घेऊन वाकड, बालेवाडीमार्गे चांदणी चौक. संध्याकाळी सहा ते नऊ वाकडला हिंजवडीची गर्दी लागते, त्यामुळे तिथून चारच्या आत पुढे सरका. मुक्काम बावधन, पाषाण किंवा बाणेरला करा. पुणे स्टेशनजवळचं हॉटेल स्वस्त वाटतं, पण पहाटे तिथून निघून शहर ओलांडायचं म्हणजे झोपेचा तास गेला. हॉटेलवाल्यांना दोन गोष्टी विचारा: पहाटे साडेपाचला चहा-पोहे मिळतील का, आणि बॅगा खोलीत ठेवता येतील का. गाडीत रात्रभर सेट ठेवू नये.

संध्याकाळी पुन्हा रेंजवर जायचा बेत करू नका. बूट पुसा, क्लबच्या खाचांमधली माती ओल्या कापडाने काढा. खाच भरलेली असेल तर चेंडूला फिरकी मिळत नाही आणि तो ग्रीनवर थांबत नाही. जेवून दहाला झोपा.

दुसरा दिवस: १८ होल

कोणत्या टीवरून खेळायचं, हे अभिमानाने नाही, आकड्याने ठरवा. पाच नंबरच्या आयर्नने (किंवा त्याच अंतराच्या हायब्रिडने) चेंडू सरासरी जितके यार्ड जातो त्याला ३६ ने गुणा. १४० यार्ड असतील तर ५,०४० यार्ड. स्कोअरकार्डवर त्या लांबीच्या जवळची टी निवडा. नवखे लोक मागच्या टीवर उभे राहून सगळा दिवस बंकर (वाळूचे खड्डे) मोजतात, ते टाळा.

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे. हवा विरळ असल्याने चेंडू दोनेक टक्के लांब जातो, म्हणजे १५० यार्डांवर तीन यार्ड, सोडून द्यावं इतकंच. उताराचा हिशेब मात्र करावा लागतो. ढोबळ अंदाज असा, की ग्रीन तुमच्यापेक्षा दहा यार्ड खाली असेल तर शॉट दहा यार्डांनी छोटा धरा, वर असेल तर तेवढाच लांब. कॅडीला विचारा. कॅडीदादा रोज तोच कोर्स चालतात, आणि ‘एक क्लब कमी घ्या’ म्हणाले तर बहुतेक वेळा बरोबर निघतं. त्यांच्याशी ‘तुम्ही’ म्हणून बोला आणि पहिल्याच होलला आपलं खरं अंतर सांगून टाका.

आपल्याकडच्या गवताचं एक वैशिष्ट्य ग्रीनवर दिसतं. बर्म्युडा गवत एका दिशेला झुकून वाढतं. चेंडूच्या मागे उभे राहून बघा. गवत चकाकत असेल तर पाती तुमच्यापासून दूर झुकलेली आहेत आणि पट (ग्रीनवरचा हलका फटका) वेगात जाईल. तेच काळपट दिसत असेल तर पाती तुमच्याकडे झुकलेली आहेत, तिथे पट जोरात मारावा लागतो. सकाळी दव असेल तर पहिल्या चार-पाच होलांना ग्रीन संथ असतं. दव सुकलं की तोच जोर चेंडूला होलपलीकडे घेऊन जातो, त्यामुळे आठव्या-नवव्या होलला मुद्दाम हलका हात ठेवा.

काही नियम पाठ असलेच पाहिजेत, कारण ते माहीत नसले की गट अडतो:

हरवलेला चेंडू शोधायला तीन मिनिटं मिळतात. २०१९ पर्यंत ती पाच होती. सापडला नाही तर एक दंड-फटका घेऊन आधीच्याच जागेवरून पुन्हा मारायचा. म्हणून झुडपाकडे गेल्याची शंका आली की लगेच ‘प्रोव्हिजनल मारतोय’ असं मोठ्याने सांगून दुसरा चेंडू मारून ठेवा. पांढऱ्या खुंट्यांच्या बाहेर गेला तरी हाच हिशेब. लाल खुंट्यांच्या भागात गेला तर एक दंड-फटका घेऊन, चेंडूने जिथे हद्द ओलांडली तिथून दोन क्लब लांबीच्या आत, होलच्या जवळ न जाता, गुडघ्याच्या उंचीवरून चेंडू सोडायचा. थांबलेला चेंडू कावळ्याने किंवा कुत्र्याने उचलून नेला (आपल्याकडे हे घडतं), तर दंड नाही, होता तिथे दुसरा ठेवा.

गुण स्टेबलफर्ड पद्धतीने (प्रत्येक होलला फटक्यांनुसार गुण) ठेवा. हँडिकॅप नसेल तर ३६ धरून प्रत्येक होलला दोन फटके सूट घ्या. मग डबल बोगीला (होलच्या ठरलेल्या फटक्यांपेक्षा दोन जास्त) दोन गुण, ट्रिपल बोगीला एक, आणि त्याहून जास्त लागले की शून्य. शून्य नक्की झालं की चेंडू उचला आणि पुढच्या होलकडे चला. दहा-बारा फटके मोजत बसण्यापेक्षा यात सगळ्यांचा वेळ वाचतो.

वेग राखायचा म्हणजे पळायचं नाही. ज्याची तयारी झाली त्याने मारावं, दुसरा मारत असताना आपलं अंतर आणि क्लब ठरवून ठेवावा, आणि सराव-स्विंग एकच. पुढच्या गटापासून एक होलचं अंतर पडलं आणि मागचे थांबलेले दिसले तर बाजूला होऊन त्यांना पुढे जाऊ द्या. चेंडू कोणाच्याही दिशेने चालला असेल तर लाजू नका, ‘फोर!’ म्हणून मोठ्याने ओरडा. उडालेलं गवत जागेवर बसवा किंवा कॅडीकडची वाळू टाका, ग्रीनवरचा खड्डा कडेकडून मध्ये सारून पटरने दाबा, बंकरमधून निघताना दाताळं फिरवून वाळू सारखी करा.

पाऊस, वीज, साप

जून ते सप्टेंबर लोणावळा-खंडाळ्याच्या बाजूला पाऊस इतका असतो की ही सहल आखूच नये. पुण्यात उघडीप असली तरी फेअरवे भिजलेले असतात. कार्टला फक्त पक्क्या वाटेवर परवानगी मिळते आणि टेकड्यांवर चालणं दुप्पट होतं. फेअरवेवर किंवा रफमध्ये (बाजूच्या वाढलेल्या गवतात) चेंडू आपल्याच खळग्यात रुतला असेल तर नियमाने विनादंड बाहेर काढता येतो. हे अनेकांना माहीत नसतं आणि ते चिखलातून मारत राहतात.

मे आणि ऑक्टोबरमधल्या दुपारी वळीव गाठतो. कडाडणं ऐकू आलं की खेळ थांबवा. विजेचा धोका वाटला तर खेळाडूला स्वतःहून थांबायचा अधिकार नियमांनीच दिला आहे. क्लब खाली ठेवा, एकट्या झाडाखाली उभे राहू नका, क्लबहाउसमध्ये किंवा बंद मोटारीत बसा. उघडी गोल्फ कार्ट सुरक्षित नाही. पावसाळ्यानंतर उंच गवतात आणि दगडांच्या फटीत हात घालू नका. चेंडू क्लबने उकरून बघा, नाही दिसला तर सोडा.

निघताना

साडेसातला सुरुवात केली असेल तर साडेबारापर्यंत राउंड संपतो. कॅडीचे पैसे ठरल्याप्रमाणे हातात द्या. स्कोअरकार्डवर सोबत्याची सही घ्या. पुढे हँडिकॅपसाठी क्लबमध्ये नाव घालाल तेव्हा कार्ड भरायची सवय अंगी लागलेली असेल. अंघोळ, जेवण करून अडीचच्या आत चांदणी चौक सोडा. नुकत्याच झालेल्या राउंडनंतर गाडी चालवणाऱ्याला घाटात झोप येते, म्हणून दोघांनी आळीपाळीने चालवा किंवा तळेगावजवळ चहाला थांबा. घरी पोहोचल्यावर भिजलेला हातमोजा आणि बूट बॅगेतून आधी बाहेर काढा. बंद बॅगेत रात्रभर राहिले की ग्रिपला बुरशी लागते.